७० मीटर खोलीवरची पाणबुडी: कोल्हापुरातून करावयाची तयारी

थायलंडच्या आखातात साधारण ७० मीटर खोलीवर ‘यूएसएस लागार्टो’ ही अमेरिकन पाणबुडी तळावर न कलंडता सरळ बसलेली आहे. ३ मे १९४५ रोजी ‘हात्सुताका’ या सुरुंग पेरणाऱ्या जपानी जहाजाने तिला बुडविले असे मानले जाते. तिच्याबरोबर ८६ नौसैनिक गेले, आणि ती नेमकी कोठे आहे हे २००५ च्या मे महिन्यात डायव्हरांनी शोधून काढेपर्यंत कोणालाही माहीत नव्हते. दुसऱ्या महायुद्धातील अशा पाणबुडीवर जाण्याची ज्याची मनापासून इच्छा आहे आणि जो कोल्हापुरासारख्या समुद्रापासून घाटापलीकडच्या गावात राहतो, त्याने कोणत्या क्रमाने काय करावे, हे या लेखात लिहिले आहे. सर्व आकडे लागार्टोच्या खोलीसाठी मांडले आहेत. ते तसेच्या तसे वापरण्यासाठी नसून आपल्या प्रशिक्षकासमोर बसून स्वतः पुन्हा मांडण्यासाठी आहेत.

एक भाषिक अडचण आधीच मिटवून घेतो. मराठीत पाण्यात बुडी मारणारा तो ‘पाणबुड्या’ आणि पाणबुडीचे अनेकवचनही ‘पाणबुड्या’च. वाचताना घोटाळा नको म्हणून माणसासाठी मी सगळीकडे ‘डायव्हर’ हाच शब्द ठेवला आहे.

कोणती पाणबुडी, हे आधी ठरवा

आपल्याकडे विषय निघाला की पहिले नाव येते ‘गाझी’चे. ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या दरम्यानच्या रात्री विशाखापट्टणमसमोर बुडालेली ही पाकिस्तानी पाणबुडी, आणि त्याच किनाऱ्यासमोर ११ फेब्रुवारी १९४४ रोजी ‘जमना’ या आपल्या आणि दोन ऑस्ट्रेलियन युद्धनौकांनी बुडविलेली जपानी ‘आरओ-११०’, या दोन्ही जागा हौशी डायव्हिंगसाठी नाहीत. तेव्हा लक्ष्य देशाबाहेरच ठरवावे लागते.

पहिल्याच पाणबुडीसाठी लागार्टो निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माल्टाजवळची ब्रिटिश ‘स्टबर्न’ सुमारे ५६ मीटरवर आहे. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये सोनार या ध्वनीने पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या सरावाचे लक्ष्य म्हणून ती मुद्दाम बुडविली गेली, त्यामुळे तेथे कोणाचेही प्राण गेलेले नाहीत. ग्रीसमधील केफालोनियाजवळची ‘पर्सियस’ ५२ मीटरवर आहे. ती मात्र ६ डिसेंबर १९४१ ला सुरुंगाने बुडाली आणि तिच्यातून एकच माणूस जिवंत किनाऱ्याला लागला. या दोहोंपैकी एखादी करून मग लागार्टोकडे वळावे. वर्षभराचा उशीर झाला तर होऊ द्यावा.

प्रशिक्षणाची शिडी

प्राथमिक अभ्यासक्रम मालवण-तारकर्लीला होऊ शकतो. ऑक्टोबर ते मे हा हंगाम, कोल्हापूरहून एका सकाळचा प्रवास. तेथील पाणी उथळ आणि बऱ्याचदा गढूळ असते, पण त्याची तक्रार करू नये. ज्याला दोन-तीन मीटरच्या दृश्यतेत शांत राहता येते, त्याला पुढे उपयोग होतो. त्यानंतर ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू आणि नायट्रॉक्स (ऑक्सिजन जास्त असलेली हवा). पुढची टेक्निकल शिडी अशी: ॲडव्हान्स्ड नायट्रॉक्स आणि डीकंप्रेशन प्रोसिजर्स (वर येताना ठरावीक थांबे घेऊन शरीरात विरलेला वायू बाहेर पडू देणे) हे सुमारे ४५ मीटरपर्यंत, ट्रायमिक्स (हेलियम मिसळलेला वायू) ६० मीटरपर्यंत, आणि ॲडव्हान्स्ड ट्रायमिक्स १०० मीटरपर्यंत. लागार्टोसाठी शेवटचा परवाना लागतो. संस्था मागतात तेवढ्या किमान बुड्यांवर थांबू नये. प्रत्येक पायरीवर मिळालेल्या मर्यादेत निदान ३०-४० बुड्या केल्यावरच पुढच्या वर्गाचे पैसे भरावेत.

या शिडीवर चढण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी. साधारण चारांपैकी एका माणसाच्या हृदयात दोन कर्णिकांमधले जन्मवेळचे छिद्र पूर्ण बंद झालेले नसते. एरवी त्याचा त्रास होत नाही, पण खोल बुडीनंतर शिरांतील नायट्रोजनचे बुडबुडे फुप्फुसात गाळले न जाता त्या वाटेने थेट धमन्यांत जाऊ शकतात. बबल एकोकार्डिओग्राफी ही तपासणी हृदयरोगतज्ज्ञाकडे होते; ‘मला डीकंप्रेशन डायव्हिंग करायचे आहे’ असे त्यांना स्पष्ट सांगून ती मागावी, कारण धडधाकट माणसाला ती आपणहून कोणी सांगत नाही.

कोणत्या वायूवर जायचे

पाण्यात दर १० मीटरला दाब १ बारने वाढतो. पृष्ठभागावरचा १ बार धरून ७० मीटरवर तो ८ बार होतो. साधी हवा घेऊन तेथे गेलो तर ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) ०.२१ गुणिले ८, म्हणजे १.६८ बार होतो. टेक्निकल डायव्हिंगमध्ये श्रमाच्या काळात १.४ आणि स्थिर थांब्यावर १.६ ही कमाल मर्यादा मानतात. त्यापलीकडे झटके येऊ शकतात, आणि पाण्याखाली झटका म्हणजे तोंडातला रेग्युलेटर (सिलिंडरमधला वायू श्वासाला देणारे साधन) सुटणे. नायट्रोजनचा आंशिक दाब त्याच वेळी ६.३ बारच्या वर गेलेला असतो, म्हणजे डोके ठिकाणावर नसते. अमेरिकेत न्यू जर्सीसमोर १९९१ मध्ये सापडलेल्या ‘यू-८६९’ या जर्मन पाणबुडीवर सुरुवातीच्या बुड्या हवेवरच झाल्या. तिची खोलीही ७० मीटरच्या आसपास, आणि १९९७ मध्ये तिची ओळख पक्की होईपर्यंत तेथे तीन डायव्हरांचे प्राण गेले होते.

म्हणून ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोन्ही कमी करून त्यांच्या जागी हेलियम घालतात. हा ट्रायमिक्स. त्याचे नाव ‘१८/४५’ असे सांगतात: १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम, उरलेला नायट्रोजन. अनेक जण हे मिश्रण ७० मीटरवर चालेल असे समजतात, कारण ऑक्सिजनचा दाब १.४४ येतो, मर्यादेपेक्षा किंचितच जास्त. खरा प्रश्न घनतेचा आहे. श्वासातला वायू ५.२ ग्रॅम प्रतिलिटरपर्यंत असावा आणि कोणत्याही परिस्थितीत ६.२ च्या वर जाऊ नये, असा आता सर्वमान्य संकेत आहे, कारण दाट वायू फुप्फुसातून पुरेसा बाहेर ढकलला जात नाही, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस कारण न कळता घाबरतो. १८/४५ ची घनता ८ बारला साधारण ६.४ येते. हवेची तर १० च्या वर जाते. याउलट १५/५५ घेतले तर ऑक्सिजन १.२ बार, घनता साधारण साडेपाच आणि गुंगी हवेवरच्या २६ मीटरच्या बुडीइतकी. घनता आदर्श मर्यादेच्या किंचित वर राहते. म्हणून तळाशी जोर लावून पोहायचे नाही, हे त्या आकड्यातच लिहिलेले आहे.

१५/५५ ची उलटी बाजू पृष्ठभागावर दिसते. तेथे ऑक्सिजनचा दाब फक्त ०.१५ बार भरतो, आणि कोल्हापुरात, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर, आणखी थोडा कमी. बोटीच्या शिडीपासून दोरापर्यंत हाच वायू ओढत दमाने पोहणारा माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्यामुळे पृष्ठभागावर ५० टक्के नायट्रॉक्स तोंडात ठेवावा आणि पहिल्या काही मीटरवर बदलावा. हाच ५० टक्क्यांचा सिलिंडर परत येताना २१ मीटरपासून वापरायचा, आणि ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजन.

किती वायू न्यायचा

हा हिशेब प्रत्येकाने वहीत स्वतः करावा. मोबाइलवरचे ॲप नंतर, ताडून पाहण्यासाठी.

पृष्ठभागावर माझा वापर मिनिटाला २० लिटर धरतो. उतरण्यासह तळाचा वेळ २० मिनिटे. उतरायला ४ मिनिटे, सरासरी दाब साडेचार बार: २० × ४.५ × ४ म्हणजे ३६० लिटर. तळाशी १६ मिनिटे, ८ बार: २,५६० लिटर. तेथून खोल थांबे धरून २१ मीटरपर्यंत वर यायला १० मिनिटे, सरासरी ५ बार: १,००० लिटर. एकूण ३,९२०. पाठीवर १२ लिटरच्या दोन सिलिंडरांची जोडी २३० बारने भरली तर ५,५२० लिटर वायू मिळतो, आणि नवखा माणूस येथे समाधानाने वही मिटतो.

पण तळाशी जोडीदाराचा वायू संपला तर दोघांना एकाच जोडीवर २१ मीटरपर्यंत यायचे आहे. घाबरलेल्या माणसाचा वापर मिनिटाला ३० लिटर धरला की दोघांचे ६०. परिस्थिती सावरायला तळाशी २ मिनिटे: ६० × ८ × २ म्हणजे ९६०. वर येण्याची १० मिनिटे: ६० × ५ × १० म्हणजे ३,०००. हा राखीव साठा ३,९६० लिटरचा झाला. तो मूळ ३,९२० मध्ये मिळवला की बेरीज ७,८८० होते. १२ ची जोडी कधीच संपली. १८ लिटरची जोडी २३० बारला ८,२८० लिटर देते, म्हणजे ती लागतेच. एका भरणीत त्यातला साडेचार हजार लिटरच्या वर हेलियम असतो आणि खर्चाचा मोठा वाटा तोच. १८ ची जोडी मिळत नसेल तर तळाचा वेळ कापावा. राखीव साठा कापू नये.

क्लोज्ड सर्किट रीब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारे यंत्र) घेतला तर हेलियमचा खर्च नगण्य होतो आणि बोटीवरचे बहुतेक अनुभवी लोक आता त्यावरच दिसतात. तो वेगळा अभ्यास आहे आणि त्याच्या चुका मुकाट्याने होतात. ओपन सर्किटवर (म्हणजे सोडलेला श्वास पाण्यात जाऊ देणाऱ्या साध्या सिलिंडरवर) या खोलीचा हिशेब ज्याच्या हाडात मुरला नाही, त्याने तिकडे वळू नये.

साहित्य: काय न्यावे, काय तेथे घ्यावे

सिलिंडर कोल्हापुरातून नेण्याचा विचार सोडून द्यावा; भरलेला सिलिंडर विमानात चालत नाही, आणि रिकामा नेण्याची उठाठेव भाड्यापेक्षा महाग पडते. रेग्युलेटर, बॅकप्लेट (सिलिंडर बांधायची पाठीवरची पाटी), विंग (तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी), खोली, वेळ आणि थांबे दाखवणारे दोन डायव्हिंग संगणक, तीन टॉर्च, दोन मास्क, दोन रील, दोन सिग्नल बोये, कापण्याची दोन साधने, ऑक्सिजन आणि हेलियम दोन्ही मोजणारा ॲनालायझर हे स्वतःचे असावे. थायलंडचे पाणी कोमट म्हणून वेटसूट पुरतो, पण पोलादी १८ ची जोडी आणि पातळ वेटसूट घेऊन विंग फाटली तर माणूस वर येऊ शकत नाही. दुहेरी ब्लॅडरची (आत दोन पिशव्या असलेली) विंग किंवा ड्रायसूट (पाणी आत न घेणारा, हवा भरता येणारा पोशाख), दोहोंपैकी एक हवेच.

उद्यमनगरात लेथवर बारीक कामे उत्तम होतात. बॅकप्लेटच्या खोबणीत बसणारे शिशाचे वजन मी तेथेच ओतून घेतले, आणि कारागिराने त्याच्या कडा न सांगता गोल केल्या. मात्र ऑक्सिजनच्या संपर्कात येणारा कोणताही भाग, व्हॉल्व्ह असो की ओ-रिंग, वर्कशॉपमध्ये उघडू नये. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये बोटाला लागलेले कटिंग ऑइल पेट घेऊ शकते.

कोल्हापुरातला सराव

रंकाळ्यात किंवा शेतातल्या विहिरीत सराव करण्याची कल्पना सुचते. ती तेथेच थांबवावी. विहिरीत मुटका मारणे वेगळे आणि एकट्याने सिलिंडर घेऊन बसणे वेगळे. जलतरण तलाव मात्र सोन्यासारखा उपयोगी पडतो. व्यवस्थापनाची परवानगी काढून सार्वजनिक वेळ संपल्यावर आठवड्यातून एकदा तासभर मिळवावा. दीड-दोन मीटर पाण्यात तरंगशक्ती सांभाळणे खोल पाण्यापेक्षा अवघड असते, कारण उथळात श्वासागणिक फुगवट्यातला फरक प्रमाणाने मोठा पडतो. तळापासून हातभर वर, आडवे, हात बांधून १० मिनिटे न हलता राहता आले पाहिजे. त्याच अवस्थेत पाठीमागचे तिन्ही व्हॉल्व्ह (दोन सिलिंडरांचे दोन आणि त्यांना जोडणाऱ्या मॅनिफोल्डवरचा एक) क्रमाने बंद-चालू करावेत, मास्क काढून घालावा, मागे सरकणारी किक मारावी.

उरलेला सराव कोरड्यावर. गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती, खांबांना वळसे देत सुतळी बांधतो, मास्कच्या काचेला आतून कागद चिकटवतो आणि अंगठा-तर्जनीच्या कड्यातून सुतळी सरकवत दारापर्यंत येतो. पहिल्या वेळी मी टाकीच्या पाइपाला धरून उभा राहिलो आणि सुतळी हातातून केव्हा सुटली ते मला कळलेच नाही. शेजारच्या काकूंनी ‘डावीकडं हाय की’ म्हणून सांगितले. पाण्याखाली ते सांगायला कोणी नसते, म्हणून कडे सोडायचे नाही ही सवय गच्चीवरच लावून घ्यावी.

मालवणला सराव करून परतताना एक गोष्ट आपल्या भागातील माणसाने विशेष लक्षात ठेवावी. बुडीनंतर विमानप्रवासापूर्वी जेवढा वेळ थांबायला सांगतात, ते बंधन सुमारे ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू मानले आहे. गगनबावड्याचा किंवा आंबोलीचा माथा ६०० मीटरच्या वर जातो. दिवसभर बुड्या करून संध्याकाळी गाडी काढली की दीड-दोन तासांत आपण त्या उंचीवर असतो. डीकंप्रेशनची बुडी केली असेल तर त्या रात्री मालवणात मुक्काम करावा, घाट दुसऱ्या दिवशी उशिरा चढावा.

बोटीवर, आदल्या दिवशी

को ताओ बेटावर बँकॉकहून रेल्वेने चुम्फोन आणि तेथून फेरी अशी वाट आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळावा. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस ४० ते ५० मीटरच्या बुड्या कराव्यात आणि त्यांत आपला खरा वापर पुन्हा मोजावा.

प्रत्येक सिलिंडर ज्याचा त्याने मोजावा. एका प्रवासात माझ्या हाती आलेल्या सिलिंडरवर ५० ची पट्टी होती आणि ॲनालायझरवर आकडा ३६ आला. कोणाचा दोष ते मी तेव्हाही विचारले नाही, कारण वेळापत्रक ५० वर आखलेले असताना ३६ ओढत राहिलो असतो तर संगणक मला ‘झाले’ म्हणाला असता आणि शरीरातला वायू तसाच राहिला असता. मोजल्यावर टक्केवारी, तारीख, आपली आद्याक्षरे आणि कमाल खोली पट्टीवर लिहावी. खोलीचा आकडा एवढा मोठा की जोडीदाराला तीन मीटरवरून वाचता यावा.

पाण्याखाली वाचायच्या पाटीवर मूळ योजनेबरोबर तीन पर्यायी योजना हव्यात: ५ मीटर जास्त खोल गेलो तर, ५ मिनिटे जास्त राहिलो तर, आणि ५० चा सिलिंडर निकामी झाला तर. रिकंप्रेशन चेंबर (डीकंप्रेशनच्या त्रासावर उपचार करण्याची दाबकोठी) कोठे आहे, तेथपर्यंत किती तास लागतात आणि बोटीवर किती ऑक्सिजन आहे, हे कप्तानाला आदल्या संध्याकाळी विचारावे. उत्तर मोघम आले तर बुडी रद्द करावी. विमाही डीकंप्रेशन डायव्हिंगला लागू होणाराच हवा. साध्या प्रवासविम्यात ते नसते.

बुडी

उतरण्याचा दोर पाणबुडीला बांधलेला नसावा, तिच्या शेजारी तळावर टाकलेला असावा. ८० वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेले लोखंड बोटीचा हिसका सोसत नाही. ६ मीटरवर थांबून एकमेकांची बुडबुड्यांची गळती पाहावी, वायू बदलल्याची खूण करावी आणि मग सलग खाली जावे. चार मिनिटे.

लागार्टो ९५ मीटर लांब आहे आणि आपल्याकडे १६ मिनिटे आहेत. एका बुडीत अर्धीच पाहावी, शक्यतो कॉनिंग टॉवरपासून (पाणबुडीच्या पाठीवरच्या मनोऱ्यापासून) पुढची. पाच इंची तोफा, टॉवरवरचे पेरिस्कोपचे खांब आणि डाव्या बाजूला पुढे फाटलेला हल (पाणबुडीचे धड) ही ओळखीची ठिकाणे. २००६ मध्ये अमेरिकी नौदलाच्या डायव्हरांनी तपासणी केली तेव्हा टॉर्पेडोच्या एका नळीचे दार उघडे आणि नळी रिकामी आढळली, म्हणजे बुडण्याच्या थोडे आधी तिने वार केला असावा असा तर्क आहे. मागच्या टोकाला पंख्यावर ‘मॅनिटोवॉक’ हे गावाचे नाव कोरलेले आहे. विस्कॉन्सिनमधले, गोड्या पाण्याच्या सरोवराकाठचे हे गाव. तेथे बांधलेली पाणबुडी नदीवाटे समुद्रात आणली गेली होती. पण तो पंखा दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा.

पाणबुडीचा सांगाडा जहाजासारखा नसतो. वरचा पातळ पत्रा हा केवळ आवरण असतो, तो गळून पडलेला असतो आणि त्याच्या कडा धारदार असतात. आतला जाड प्रेशर हल मात्र बहुधा शाबूत असतो. त्यामुळे फाटलेल्या जागेतून आत दिसले तरी दुसरीकडून बाहेर पडायला वाट नसते. आतील गाळाला ८० वर्षांत कोणी हलविलेले नसते, आणि फिनच्या एका झटक्याने हातभर अंतरावरचे दिसेनासे होते. त्यात भर मासेमारीच्या जाळ्यांची. ती लांबून धुक्यासारखी दिसतात आणि मॅनिफोल्डच्या मागे अडकली की स्वतःच्या हाताला लागत नाहीत. जोडीदार म्हणूनच दोन हातांच्या अंतरात हवा. टॉर्पेडोतील स्फोटके पाण्याने निरुपयोगी झालेली असतात असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आत जाऊ नये, हे मी केवळ सुरक्षिततेसाठी लिहीत नाही. त्या ८६ जणांची ती समाधी आहे, आणि बुडालेल्या लष्करी जहाजांविषयीच्या २००४ च्या अमेरिकी कायद्यानेही तिला हात लावण्यास मनाई आहे. आपल्या गावात कोणाच्या दहनाच्या जागेवरून मूठभर काही उचलून आणण्याचा विचारही मनात येत नाही, येथेही तेच. मलेशियाच्या बाजूला ‘ओ १६’ आणि ‘के १७’ या डच पाणबुड्या भंगारासाठी जवळजवळ पूर्ण उचलून नेल्या गेल्या. फोटो घ्यावेत, पण मानवी अवशेष दिसले तर कॅमेरा खाली करावा.

विसाव्या मिनिटाला, किंवा राखीव साठ्याचा आकडा आधी आला तर त्या क्षणी, दोर सोडून जाण्याचा मोह न करता वर निघावे. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेग जास्त नको. २१ मीटरवर वायू बदलताना क्रम ठरलेला: खोली पाहणे, पट्टी जोडीदाराला दाखविणे, नळीचा बोटाने सिलिंडरपर्यंत माग काढणे, त्याने मान हलविल्यावरच तोंडात घेणे. ६ मीटरवर ऑक्सिजन घेताना हेच पुन्हा. चढणीला जवळजवळ तासभर जातो आणि बहुतेक चुका याच तासात, काम संपले असे वाटत असताना होतात. दोर हरवला तर रीलवरून बोया सोडावा आणि प्रवाहाबरोबर वाहत थांबे पुरे करावेत. बोट मागे येईल हे आदल्या दिवशी ठरलेले असते.

वर आल्यावर

साहित्य बोटीवरच्या लोकांनी उचलावे आणि आपण अर्धा तास काहीही ओढू नये. पाणी प्यावे. सांधेदुखी, मुंग्या, विचित्र थकवा, चक्कर किंवा अंगावर चट्टे यांपैकी काहीही असेल तर ‘बघू संध्याकाळपर्यंत’ न म्हणता लगेच ऑक्सिजन मागावा. कोल्हापुरी माणसाला दुखणे अंगावर काढण्याची सवय असते. तिचा उपयोग येथे नाही.

शेवटच्या बुडीनंतर विमानासाठी डीकंप्रेशन डायव्हरने १८ तासांपेक्षा बरेच अधिक थांबावे असा संकेत आहे. मी पूर्ण ४८ तास ठेवतो. त्या मोकळ्या वेळात रेग्युलेटर गोड्या पाण्यात भिजत ठेवून वही काढावी आणि योजनेतल्या प्रत्येक आकड्यासमोर खरा आकडा लिहावा. माझ्या पहिल्या ७० मीटरच्या बुडीत २० च्या जागी मिनिटाला २३ लिटर निघाले, म्हणून पुढच्या बुडीचा तळाचा वेळ मी १७ मिनिटांवर आणला.